लुलिंगच्या रस्त्यावरच्या काका-काकूंचे आभार
मागच्या शनिवारी टेक्ससमध्ये लॉकहार्टहून लुलिंगला निघालो होतो, १८३ नंबरचा हायवे सोडून मुद्दाम आतल्या फार्म रोडने, गायी आणि जमिनीतून तेल उपसणारे पंपजॅक बघत. लॉकहार्टला पोस्ट ओक झाडाच्या लाकडाच्या धुरावरचं सॉसेज खाऊन झालेलं (आईने फक्त बटाट्याचं सॅलड), आता लुलिंगला ब्रिस्केट (धुरावर शिजवलेलं छातीचं बीफ) संपायच्या आत पोचायचं होतं आणि मध्येच टायर फुटला. नट इतके घट्ट की पान्यावर उभा राहिलो तरी हलेनात, फोनला रेंज नाही, वर रणरणतं ऊन.

एक जुना पिकअप पुढे जाऊन रिव्हर्स घेत परत आला. काकांनी मागून लांब लोखंडी पाइप काढला, पान्याच्या दांड्यात घातला आणि नट सैल! स्टेपनीत हवा कमी होती, ती पण स्वतःच्याच पंपाने भरली. तोवर काकूंनी आईला एसीत बसवून आइसबॉक्समधलं कलिंगड कापून दिलं, वर मीठ भुरभुरून. आई म्हणे, अगं हे तर आपल्यासारखंच! इंग्रजी येत नाही तरी दोघींच्या गप्पा चालूच.

पैसे घेतले नाहीतच, उलट लुलिंगपर्यंत आमच्या मागे मागे आले, हॉर्न वाजवला आणि वळले. नाव विचारायचं राहूनच गेलं. काका-काकू, मनापासून थँक्यू हं. आणि हो, ब्रिस्केट मिळालं, शेवटचे चार तुकडे.