बाबा, जिप्सी विकायची नाहीये

प्रिय आई आणि बाबा,

फोनवरच सांगितलं असतं पण बाबा तुम्ही मधेच तोडता आणि विषय इन्शुरन्सवर जातो, म्हणून लिहितेय. जिप्सीची थ्रॉटल बॉडी बदलली, म्हणजे इंजिनात हवा किती जायची ते ठरवणारी झडप असते ना, तो अख्खा भाग. मीच. आणि तो पंढरपूरचा माणूस गाडी बघायला येणार होता ना, त्याला सध्या थांबवलंय.

आई, दादाच्या गॅलरीत पिशवीत काहीतरी काळंकुट्ट पडलंय, ऑइलचा वास येतोय म्हणून तू त्याला झापलंस ना, ते हेच. पुण्यात लष्कराच्या लिलावातली एक जिप्सी तोडायला आली होती, तिची काढून आणली त्याने आणि ट्रॅव्हल्सवाल्याकडे पार्सल दिली. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, भंगारातलं कुणी गाडीला लावतं का. लावतात बाबा. जिप्सी बंद झाली २०१९ ला, नवीन ओरिजिनल विचारलं तर ऑर्डर टाका आणि वाट बघा म्हणाले, किंमत ऐकून तर मी गपचूप फोन ठेवला. फक्त आपली २००० नंतरची सोळा व्हॉल्व्हची एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी, त्यामुळे तसल्याच गाडीतली लागते, आधीच्या कार्बोरेटरवाल्या जिप्सी किंगचं इथे काहीच चालत नाही.

तुम्ही म्हणत होता इंजिन गेलं. सात रस्त्याच्या सिग्नलला उभी केली की झोपेत घोरल्यासारखा आवाज वर जायचा, खाली यायचा, मग बंद, आणि तुम्ही सतत एका पायाने रेस देत बसायचात, त्यात गुडघा दुखतो ते वेगळंच. एका गॅरेजवाल्याने तर इंजिन खोलायचा खर्चच सांगितला होता. पण पळताना गाडी ओढत होती, धूर नव्हता, ऑइल खात नव्हती, मग इंजिन कसं गेलं? अशोक चौकातल्या आपल्या चाचांना बोलावलं, त्यांनी आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटलच्या शाफ्टच्या, म्हणजे झडप ज्या दांडीवर फिरते तिच्या, टोकावर कार्ब क्लीनरचा जरासा फवारा मारला आणि आवाज लगेच बदलला. "शाफ्ट हलायलाय की ओ ताई," एवढंच म्हणाले. म्हणजे इतक्या वर्षांत शाफ्टची बैठक झिजली, तिथून जास्तीची हवा आत जाते, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या हवेला पुरेल तेवढं पेट्रोल देतो, इंजिन चढतं, मग पाय तर उचललेला आहे हे बघून पेट्रोल तोडतो, इंजिन पडतं, की परत देतो. हेच चक्र. नुसतं साफ करून भागणार नव्हतं, झिजलेलं भरून येत नाही.

पार्सल आल्यावर आधी शाफ्ट धरून वर-खाली हलवून बघितला, जरासुद्धा खेळ नाही. प्लेट, म्हणजे ती झडप, बंद करून उजेडाकडे धरली तर कडेने सगळीकडे सारखी, केसाएवढी उजेडाची रेघ. आपल्या जुन्यात तीच रेघ एका बाजूला जाड आणि समोर गायब, आणि तिथे घासून चकचकीत झालेला पट्टा. ती तुमच्यासाठी कपाटावर ठेवलीय, टाकलेली नाही. झडप किती उघडली ते सांगणारा सेन्सरपण मीटर लावून हळूहळू उघडत बघितला, आकडा कुठे उडी मारत नव्हता. प्लेट थांबते तो स्क्रू मात्र अजिबात हलवला नाही, तो फॅक्टरीतून बसवून येतो आणि लोक आयडल वाढवायला नेमका तोच पिळतात.

काम सकाळी उन्हाच्या आत सुरू केलं, मेमधलं सोलापूर तुम्हाला काय सांगायचं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, इंजिन गार असतानाच थोडं कूलंट काढलं कारण थ्रॉटल बॉडीतून कूलंटचे बारके होज जातात, ते लाकडासारखे कडक झालेले, सरळ कापले आणि नवीन टाकले. नट-बोल्टवर रात्रीच डब्ल्यूडी-फोर्टी मारून ठेवलं होतं. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, तोंडात फडकं कोंबलं, काही आत पडलं तर मग खरंच इंजिन खोलावं लागेल. जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, अॅल्युमिनियमवर चरा नको. गॅस्केट नवीनच घेतलं, तिथे कंजुषी नाही केली. बोल्ट आमनेसामने थोडे थोडे आवळले. चाचा शेजारी चहा पीत उभे होते, हात लावला नाही. आई, मडगार्डवर तुझी ती जुनी निळी चादर टाकली होती, फाटकीच होती, आणि त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं त्यामुळे ती अजून धुवायचीय.

चालू केल्यावर सुरुवातीला आवाज चढाच होता, मी मनातून टरकले, पण गरम झाली तसा खाली आला आणि तिथेच राहिला. कूलंटची हवा काढली, अॅक्सिलरेटरच्या केबलला किंचित ढील ठेवली. मग तुळजापूरला नेऊन आणली. घाट चढली, आणि उतरताना पाय उचलला की लगेच धरते, आधी तो जो एक क्षण पुढे पळायची ना, तो प्रकार गेला. बोरामणीच्या शेतात पावसाळ्यात दुसरी कुठली गाडी जाते ते सांगा मला. काळ्या मातीत त्या नव्या एसयूव्ही रुततात आणि मग ट्रॅक्टर शोधत फिरायचं.

तर बाबा, विकायची असेल तर मला विका. पैसे द्यायला तयार आहे, नाही घेतलेत तर आणखी बरं. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० दादासोबत पाठवतेय, पेनने फुली केलीय तिथे सही करा, आणि त्या पंढरपूरच्या माणसाला नाही म्हणून तुम्हीच कळवा, तो माझं ऐकत नाही. आरसीची फाईल कुठल्या खणात आहे? आई, तुला माहिती असेल, यांना विचारून उपयोग नाही.

तुमची,
मनू