टपावरचे सोलर आणि बिछान्याखालची तार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकअपच्या हौद्यावर राहण्याची केबिन बांधून कुटुंबासह फिरायला निघणारे हौशी लोक आता आपल्याकडेही दिसू लागले आहेत. अशा गाडीवर सोलर बसवायचे ठरले, की सगळी चर्चा पॅनेल किती वॅटचे आणि कोणत्या कंपनीचे याभोवतीच फिरते. पॅनेलची वीज बेताने बॅटरीत भरणारा जो कंट्रोलर असतो, त्याच्यापासून बॅटरीपर्यंत जाणाऱ्या तारेबद्दल मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

माझ्या केबिनवर मी एका कारागिराकडून १०० वॅटची दोन पॅनेल बसवून घेतली होती. काही महिन्यांनी फ्रिज पहाटे बंद पडू लागला. कंट्रोलरवर दुपारी १४.४ व्होल्ट दिसत असल्यामुळे चार्जिंग व्यवस्थित आहे, बॅटरीच थकली आहे, असे मला सांगण्यात आले. पुढे गुहागरला मुक्काम असताना भर दुपारी पत्नीला प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. बिछान्याखालची फळी उचलून पाहिले, तर बॅटरीकडे जाणाऱ्या लाल तारेचे वेष्टन एका सांध्यापाशी वितळून फळीला चिकटले होते. तो सांधा नुसता पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती, तार घरातल्या दिव्यांसाठी वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची होती, आणि बॅटरीच्या धन टोकापाशी फ्यूज नव्हताच. त्याच फळीवर आमची नात रात्री झोपत असे.

घरी परतल्यावर सांधा तात्पुरता नीट करून मी मल्टिमीटरने दोन्ही टोके मोजली. कंट्रोलरपाशी १४.४ व्होल्ट होते, तर बॅटरीपाशी १३.२. चार मीटर अंतरावर, जाऊन-येऊन आठ मीटर तारेत, १२ अँपिअर प्रवाहाला एका व्होल्टाहून अधिक दाब गळत होता. घरातल्या २३० व्होल्टांत एवढी गळती कोणाच्या लक्षातही येत नाही, परंतु १२ व्होल्टांच्या यंत्रणेत तीच गळती कंट्रोलरची दिशाभूल करते : बॅटरी भरत आली असे समजून तो प्रवाह आवरता घेतो आणि बॅटरी रोज अर्धपोटी राहते. दहा चौरस मिलिमीटरची तार टाकल्यावर हीच गळती दोन दशांश व्होल्टाच्या आत आली. नवी बॅटरी घ्यावी लागली नाही.

फ्यूजबाबतचा गैरसमज त्याहून घातक आहे. धोका टपावरून येतो असे समजून अनेक जण पॅनेलच्या तारेला फ्यूज लावतात आणि निर्धास्त होतात. वस्तुतः १०० वॅटचे पॅनेल शॉर्ट झाले तरी सहा-साडेसहा अँपिअरपलीकडे फारसे काही देऊ शकत नाही. शेकडो अँपिअर ओतण्याची ताकद असते ती बॅटरीत. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला लागूनच हवा. त्या जागी घरगुती एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच) बसवणेही योग्य नाही, कारण घरातला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने ठिणगी विझायला वाव मिळतो, तर बॅटरीच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने सलग वाहणाऱ्या, प्रवाहात तसा वाव नसतो. तिथे डीसीसाठीच बनवलेले साधन लागते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. लडाख-स्पितीला जाणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. तिथे सकाळी पॅनेलवर लख्ख ऊन असते, पण आतली बॅटरी रात्रभर गारठून शून्य अंशाखाली गेलेली असू शकते. त्या अवस्थेत चार्जिंग झाले तर बॅटरीचे कायमचे नुकसान होते. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारी सोय बॅटरीत आहे का, हे खरेदीच्या वेळीच विचारलेले बरे. आपल्याकडे अडचण उलटी आहे. मे महिन्यात टपाला चिकटवलेले पॅनेल सहज ६५ अंशांपर्यंत तापते आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के या हिशेबाने सोळा टक्क्यांच्या आसपास वीज तिथेच कमी होते. खाली तीन-चार सेंटिमीटर हवा खेळती ठेवली, तर हे नुकसान थोडे आटोक्यात राहते.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. माझी विनंती एवढीच, की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक वाहनाची १२ व्होल्टांची वायरिंग जाणकाराकडून तपासून घेतली जावी. आणि खासगी गाड्यांना सोलर बसवून देणाऱ्या कारागिरांनी तारांची जाडी, फ्यूजचे अँपिअर व बॅटरीचा प्रकार लिहिलेला आराखडा पावतीसोबत ग्राहकाच्या हाती द्यावा. ग्राहकांनीही तो मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे चुकते करू नयेत. माझ्या गाडीचा आराखडा शेवटी मीच काढला आणि बॅटरीच्या कप्प्याच्या झाकणावर आतून चिकटवला आहे.

आपला,
एक वाचक, पुणे