परदेशातल्या पायलट लायसनचं पुढचं पण सांगा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की पायलट ट्रेनिंगच्या जाहिराती सुरू होतात, अमेरिकेत जा, कमर्शियल लायसन घेऊन या, एवढं सांगतात आणि पुढचं कोणी बोलत नाही. तिकडचं एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं, लायसन असलं तरी इथल्या एअरलाईनमध्ये लागायला डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक खात्याचं, लायसन लागतंच, म्हणजे कन्व्हर्जन आलं, तिकडचं लायसन इथल्यात बदलून घेणं. माझी भाची सध्या त्यातच अडकलीय म्हणून लिहितोय.

पेपर आहेत, ७० टक्क्यांना पास, क्लास वन मेडिकल म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी आहे, विमानातून रेडिओवर बोलायचा परवाना म्हणजे आरटीआर आहे, ते सगळं अभ्यास करून होतं. खरी गोची लॉगबुकात, म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत आहे. डीजीसीएला एकूण २०० तास लागतात आणि त्यातले १०० पायलट इन कमांड (पीआयसी) म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. आता अमेरिकेत एकदा प्रायव्हेट लायसन झालं की शेजारी इन्स्ट्रक्टर बसून शिकवत असला तरी विमान तुम्ही उडवताय म्हणून तोच तास पीआयसीमध्ये पण लिहिता येतो, एकाच ओळीत ड्युअल (म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत शिकतानाचा तास) पण आणि पीआयसी पण. इथे तो फक्त ड्युअल धरतात. भाचीच्या लॉगबुकात पीआयसीची बेरीज शंभरच्या वर होती, अशा ओळी वगळल्या तर खाली आली, आता परत पैसे भरून तास करायचे, आणि शिक्षणाचं कर्ज तर चालूच आहे. तसंच ३०० नॉटिकल मैलांच्या क्रॉस कंट्रीत, म्हणजे लांबच्या उड्डाणात, दोन वेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप लँडिंग लागतं, म्हणजे उतरून विमान पूर्ण थांबवायचं, टच अँड गो, म्हणजे चाकं टेकवून न थांबता परत उडणं, चालत नाही.

नियम चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, स्वतःच्या जबाबदारीवर उडवलेले तास वेगळे मोजायलाच हवेत. पण हे तिकडे असतानाच माहीत असतं तर त्याच खर्चात बसलं असतं. ज्या कन्सल्टन्सीने पाठवलं त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही, फी मात्र पूर्ण घेतली.

माझी मागणी एवढीच की परदेशी पाठवणाऱ्यांना डीजीसीएच्या सगळ्या अटी मराठीत लेखी द्यायला लावा, त्यावर पालकांची सही घ्या, मगच पैसे. आणि तुमच्या करिअर पुरवणीत हा विषय एकदा नीट छापाच. ज्यांची मुलं आत्ता तिकडे शिकतायत त्यांनी प्लीज आजच फोन करून ड्युअल आणि पीआयसीचा हिशेब वेगवेगळा करून घ्या, कोर्स संपायच्या आत.

एक मामा, कराड