'कश्मीर'च का?

संपादक महोदय,

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे सर्वोत्तम गाणे कोणते, या प्रश्नाला 'स्टेअरवे टू हेवन' हे उत्तर ठरलेलेच असते. १९७१ च्या चौथ्या अल्बममधले हे आठ मिनिटांचे गाणे थोर आहेच, पण कौल बहुधा ओळखीला मिळतो. माझे मत १९७५ च्या 'कश्मीर'ला. जिमी पेजच्या गिटारची धून तीन-तीन मात्रांनी फिरते, जॉन बॉनमचे ड्रम चारच्या हिशेबात ठाम राहतात. दोघांची गाठ बारा मात्रांनी पडते. त्यातून ती चढत जाणारी ओढ निर्माण होते. गिटारही सा-प-सा-म-प-सा अशी लावलेली, त्यामुळे मोकळ्या तारा तानपुऱ्यासारख्या गुंजतात.

तुलना करताना एक चूक हमखास होते. मोठ्या आवाजातले गाणे कानाला उगाच सरस वाटते. म्हणून आवाजाची पातळी सारखी ठेवावी आणि हेडफोन वापरावा. मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज उरतच नाही. उदाहरणार्थ, याच बँडच्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्याचे ड्रम जिन्याखालच्या दालनात, वर माइक टांगून ध्वनिमुद्रित केले होते. तो घुमारदार नाद हरवला, की हे गाणे विनाकारण मागे पडते.

– एक रॉकप्रेमी वाचक