पाकटाला दोष देऊ नका, मंत्रिमहोदय

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

यंदा विसर्जनाला माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्या घोट्यात पाकटाचा, म्हणजे स्टिंग रे माशाच्या शेपटीचा, काटा घुसला. त्या चौपाटीवर 'स्टिंग रे, जेलीफिशपासून सावध राहा' असा फलक होता. फलकाशेजारी मदतकक्षही होता. कक्षात कढत पाणी मात्र नव्हतं. तिथल्या माणसाने जखमेवर बर्फ धरला आणि पोर किंचाळत राहिलं.

साहेब, पाकटाच्या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंशांच्या, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवला की कळा उतरतात. माझ्या सासऱ्यांनी रात्री घरी घमेल्यात तेच केलं, तेव्हा कुठे मूल झोपलं. एक गॅसची शेगडी आणि एक पातेलं, एवढंही किनाऱ्यावर ठेवता येत नाही?

पुढचं ऐका. पाकटाचा काटा दोन्ही कडांना दातेरी असतो आणि दात मागे वळलेले असतात. आत सरळ जातो, निघताना मांस फाडतो. बऱ्याचदा तुकडा आत राहतो, म्हणून एक्स-रे लागतो. आम्ही गेलो त्या दवाखान्यात एक्स-रे न काढताच टाके घातले. पाय सुजला, पू झाला, जखम पुन्हा उघडावी लागली आणि आतून तुकडा निघाला. माझी मासे विकायची पाटी बंद पडली. उसनवारी झाली ती अजून फिटलेली नाही. पोराला उचलून संडासला न्यावं लागत होतं आणि कागद पुढे सरकवणारा प्रत्येक जण मलाच विचारत होता, "पाण्यात कशाला सोडलंत?"

मी कोळीण आहे. पाकट माझ्या पाटीतही असतं, कालवणातही असतं, म्हणून त्याची बाजू मला माहीत आहे. तो कुणावर चालून येत नाही. मुशीसारखाच, म्हणजे शार्कसारखाच, हाडांऐवजी कूर्चेचा मासा. उथळ पाण्यात वाळू-चिखल अंगावर ओढून पडून राहतो. तोंड आणि कल्ले पोटाच्या बाजूला, म्हणून डोळ्यांमागच्या भोकांतून पाणी आत घेतो. चिखलात लपलेल्या कोळंबीच्या, खेकड्याच्या अंगातली अगदी क्षीण वीजही त्याला कळते. भरतीबरोबर खायला काठाशी येतो. अशा वेळी पाठीवर पाय पडला की शेपटी उसळते, दुसरं काय करणार? पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, म्हणजे तो आधीच सरकतो. हे एक वाक्य फलकावर लिहायला काय खर्च येतो? २०१३ च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांना दंश झाले. तेव्हापासून आजवर शिकलो काय आपण?

आणि तो अंडी घालून मोकळा होणारा मासा नाही. पिल्लं आईच्या पोटात वाढतात, आधी बलकावर, मग गर्भाशयात पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर. एका वेळी बहुतेक जातींची मोजकीच पिल्लं. त्यामुळे तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यात एकदा साफ झाला की भरून यायला वर्षं लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवता, ते बरोबरच आहे, आम्ही पाळतो. पण ज्या उथळ पाण्यात, तिवरांच्या कडेला, खाडीच्या तोंडाशी हे मासे चरतात आणि वाढतात, ती जागा कोण राखणार? किनारी रस्त्यासाठी १११ हेक्टर समुद्र भरला. जवळपास चौदा हजार कोटी खर्च झाले. वरळीच्या कोळ्यांना त्या रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधून होड्या नेता याव्यात म्हणून भांडावं लागलं, तेव्हा कुठे अंतर ६० मीटरचं १२० झालं. शहराचं सांडपाणी आजही समुद्रात जातं. मोठ्या कामांना पैसा असतो, मोजमाप असतं, उद्घाटनाची तारीखही असते. आमच्या चिखलाला मात्र तुमच्या नकाशात रिकामी जागा म्हणतात. ती रिकामी नाही, साहेब. आमचं पोट तिथेच भरतं.

पुढच्या गणपतीला प्रत्येक विसर्जनस्थळी गरम पाणी असावं, प्रत्येक दवाखान्यात अशा जखमेचा एक्स-रे सक्तीचा असावा, आणि किनाऱ्यावर भराव टाकण्याआधी तिथे कोण राहतं हे कोळीवाड्यात येऊन विचारलं जावं. या तिन्हीचं उत्तर मला लेखी हवं आहे, तारखेसकट.

आपली,
मुंबईतली एक मासेविक्रेती