गच्चीच घे!

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. नकाशा पास झाला आणि गाडी छपरावर अडली, उतरतं की सपाट! माझं मत तुला ठाऊक असूनही विचारतोस, म्हणजे वहिनींना उतरतं आवडलेलं दिसतंय.

अरे, उतरत्या छपरावर कारागीर चढतो, गच्चीवर आपण जातो. माझं सगळं म्हणणं यात आलं. परवा टाकीचा बॉल कॉक अडकला. चपला सरकवल्या, वर गेलो, दांडी हलवली, खाली आलो. शिडी नाही की कुणाची मनधरणी नाही. सौर पॅनेलचंही तेच. उतरत्या छपराचं तोंड चुकीच्या दिशेला असलं की वांधे; गच्चीवर स्टँड हव्या त्या दिशेला, हव्या त्या कोनात लावता येतो. किलोवॅटमागे साधारण १० चौरस मीटर बिनसावलीची जागा धर. पुढेमागे मजला चढवायचा असेल तर पाया आणि कॉलम मात्र आत्ताच त्या हिशेबाने घाल.

आता वहिनींची बाजू. गच्ची गळते म्हणतात ते खोटं नाही. ले कॉर्बुझिए या नामवंत वास्तुकाराने आधुनिक घराच्या पाच सूत्रांत गच्चीवरची बाग घातली, आणि त्यानेच बांधलेलं व्हिला सावोय हे घर गळत होतं! गोम अशी, की सपाट गच्ची सपाट ठेवायचीच नसते. निदान ८० ला १ ढाळ हवा, म्हणजे ४ मीटरला ५ सेंटिमीटर. माझ्याकडे एका कोपऱ्यात ढाळ उलटा गेला. पहिल्या पावसात तिथे ताटाएवढं डबकं साचलं, मग शेवाळ धरलं, आणि दुसऱ्या वर्षी खालच्या खोलीत छताचे पोपडे माझ्या उशीवर. तेवढा कोबा फोडून पुन्हा करावा लागला. गवंडी समोर असतानाच बादलीभर पाणी ओत आणि ते कुठे धावतं बघ. कठडा आणि गच्ची मिळतात तो कोपरा सिमेंटने गोलसर भरून घे, गवंडी त्याला वाटा म्हणतात; चीर पहिली तिथेच पडते. शेवटी पाइपांची तोंडं बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेव आणि खालून छत न्याहाळ. गवंडी कुरकुरेल, कुरकुरू दे.

आभाळ भरून आलंय. वर जाऊन जाळीवरची पानं काढतो, म्हणून इथेच थांबतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक