मोल्सवर्थसाहेब मोबाईलमध्ये राहतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'वाचनसंस्कृती लोप पावतेय' छापाचा लेख परत वाचला. दरवर्षी येतो, फक्त फोटो बदलतो. मी आयुष्यभर ग्रंथालयाच्या काउंटरवर बसून रिटायर झाले, आता सोसायटीच्या पार्किंगमधलं दोन कपाटांचं वाचनालय बघते, म्हणून जरा बोलते.

परवा आमच्याकडे भांडण झालं. एका काकूंना कथेत 'खटदिशी' शब्द भेटला, त्यावर शेजारचे काका म्हणाले हा गावठी, शुद्ध मराठीत 'खटकन' म्हणतात, झालं, चहा गार होईपर्यंत दोघं हटेनात. मी मोबाईल काढला. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अख्खा फुकट आहे, 1857 ची दुसरी आवृत्ती, आणि त्यात 'खटकन-कर-दिनीं-दिशीं' अशी चारही रूपं एका पंगतीला बसलीयत! हा मोल्सवर्थ कंपनी सरकारच्या फौजेतला कॅप्टन, पण नादशब्दांचा त्याला भलताच नाद. कधी दुपारी झोप नाही आली तर नुसतं 'क' पासून चाळत बसा. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे, 1932 पासून पुण्यातच खंडाखंडाने निघालेला, तो आता बघायला शिकागोला जायचं (म्हणजे मोबाईलवरून हो).

दुसरं, इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजे स्कॅन केलेली पुस्तकं ठेवणारी साइट. जुनी मराठी पुस्तकं तिथे ढिगाने पडलीयत पण लोक देवनागरीत सर्च करतात आणि 'काही नाही' म्हणून सोडून देतात. अहो, स्कॅन करणाऱ्यांनी नावं रोमन लिपीत आणि मनाला येईल त्या स्पेलिंगने टाकलीयत, त्यामुळे एकच नाव चार तऱ्हेने टाईप करून बघायचं, लेखकाच्या आडनावाने शोधायचं, मग सापडतं. पानावर कुठल्यातरी वाचनालयाचा जांभळा शिक्का दिसला की माझा जीव हरखतो.

आणि गंमत हवी असेल तर ड्यूईचे वर्गांक शोधून बघा, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायला त्यांच्या पाठीवर चिकटवतात ते आकडे. 1876 ची पद्धत ही, तिच्यात भुतं 133.1, ज्योतिष 133.5, म्हणजे दोघंही तत्त्वज्ञानाच्या शंभरीतच नांदतात, उडत्या तबकड्या 001.942 वर. इंग्रजी साहित्याला 820 पासून अख्खी दहा घरं, आणि आपलं मराठी साहित्य कुठे, तर 891.46, दशांश चिन्हाच्या पलीकडे! पुस्तकाच्या पाठीवर हा आकडा चिकटवताना मला दर वेळी राग यायचा, अजून येतो.

तर विनंती एवढीच की असल्या लेखाऐवजी पुरवणीत आठवड्याला चार ओळींची चौकट द्या, एक साइट, ती कशी वापरायची आणि तिथला एखादा मजेशीर शब्द. जागा नसेल तर राशिभविष्यातून चार ओळी कापा, 133.5 ला काही फरक पडणार नाही.

काकांनी 'खटदिशी' अजून मान्य केलेला नाही. "साहेबाला काय मराठी कळतंय" म्हणाले. पण रात्री साडेदहाला त्यांचा व्हॉट्सॲप आला, त्या कोशाची लिंक पाठवा म्हणून.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, कोथरूड, पुणे